परिषदा तिकडे, गोळ्या इकडे

(२०२५च्या जुलैमध्ये रवांडातल्या किगाली शहरात एचआयव्हीवरची जागतिक परिषद झाली. तिच्या बातम्या छापून आल्यापासून या सदराकडे पत्रांचा ओघ वाढला आहे. त्यातली चार पत्रं या महिन्यात घेतली आहेत. उत्तरं देताहेत आमच्या नेहमीच्या त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ डॉक्टर. – संपादक)

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. टेम्पो चालवतो. २०१७ पासून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, कधी चुकवत नाही. गेल्या दोन्ही वर्षी व्हायरल लोडच्या (रक्तात विषाणू किती आहे त्याच्या) रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असं आलं. आता त्याचं लग्न ठरतंय. मुलगी निगेटिव्ह आहे. त्याने तिला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं आणि तिची तयारी आहे. पण तिचे मामा अडून बसलेत. म्हणतात, ‘मशीनला दिसत नाही एवढंच, रोग आहेच की. पोरीला लागण होणार नाही हे कुणी लिहून दिलंय?’ केंद्रातल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, हे परदेशातल्या मोठ्या परिषदांमध्ये सिद्ध झालंय. त्यावर मामा म्हणाले, ‘गोऱ्यांचं गोऱ्यांपाशी.’ आता मी काय सांगू?
– एक बहीण, बार्शी

उत्तर : मामांचं निम्मं बरोबर आहे. विषाणू भावाच्या अंगात आहेच. गोळ्या थांबवल्या तर काही आठवड्यांत तो रक्तात पुन्हा दिसायला लागेल. पण गोळ्या चालू आहेत आणि विषाणू मशीनला सापडत नाही, तोवर शरीरसंबंधातून तो बायकोला जाणार नाही. ‘बहुधा जाणार नाही’ असं मी म्हणत नाहीये. जाणार नाही.

आता ‘गोऱ्यांचं गोऱ्यांपाशी’ याबद्दल. १८ जुलै २०११ला रोममध्ये अशाच एका परिषदेत एका अभ्यासाचे निकाल सांगितले गेले, तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. अभ्यासाचं नाव एचपीटीएन ०५२. नऊ देशांतली १७६३ जोडपी, प्रत्येक जोडप्यात एक जण पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह. त्या नऊ देशांत भारत होता आणि भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक होतं आपलं पुणं, म्हणजे भोसरीची ‘नारी’ ही राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था. दुसरं चेन्नई. तेव्हा मामांना सांगा, रोममध्ये ज्या टाळ्या वाजल्या त्यात पुण्याच्या नवरा-बायकांचाही वाटा होता. बार्शीहून पुणं किती लांब आहे ते त्यांना माहीत असेल.

त्या काळी औषध लगेच सुरू करत नसत. रोगाशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी बऱ्याच खाली आल्या की मगच गोळ्या. या अभ्यासात निम्म्यांना लगेच गोळ्या दिल्या आणि निम्म्यांना तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे उशिरा. पुढे ३९ जोडीदारांना नव्याने लागण झाली. मग संशोधकांनी काय केलं, तर लग्नात पत्रिका जुळवतात तशी दोघांच्या विषाणूंची जनुकीय जुळणी करून पाहिली. लागण घरातून झाली की बाहेरून, हे त्याशिवाय कळलं नसतं. (बाहेरूनही झाली होती. नवरा-बायको म्हटलं म्हणून सगळं घरातच घडतं असं नाही.) घरातल्या जोडीदाराकडूनच आलेल्या लागणी निघाल्या २८. त्यातल्या २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात. लगेच औषध मिळालेल्या गटात फक्त एक, आणि तीही औषध सुरू होण्याच्या सुमाराची, विषाणू अजून दबलेला नव्हता तेव्हाची. म्हणूनच आम्ही सांगतो की औषध सुरू केल्यावर निदान सहा महिने जाऊ द्या, रिपोर्ट पाहा, मग निर्धास्त व्हा. तुमचा भाऊ हा टप्पा केव्हाच ओलांडून गेलाय.

पुढे युरोपात आणखी मोठी पाहणी झाली. २०१६ला दरबानमध्ये आणि २०१८ला ॲमस्टरडॅममध्ये तिचे आकडे आले. निरोध न वापरता हजारो वेळा संबंध आलेली जोडपी तपासली, तर दबलेल्या विषाणूची जोडीदाराला लागण एकदाही झाली नव्हती. २०२३च्या जुलैमध्ये ब्रिस्बेनच्या परिषदेत जागतिक आरोग्य संघटनेने हे लेखी जाहीर केलं. विषाणू सापडत नसेल तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका शून्य. ‘कुणी लिहून दिलंय’ म्हणून मामा विचारतात ना? त्यांनी लिहून दिलंय.

आता माझ्या दृष्टीने महत्त्वाचं, म्हणजे तो कागद. रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असो किंवा ‘२०पेक्षा कमी’, ‘४०पेक्षा कमी’ असा आकडा असो, घाबरू नका. हा आकडा मशीनप्रमाणे बदलतो. पाहायची ती तारीख. रिपोर्ट वर्षाच्या आतला आहे का? ग्रीन बुकात, म्हणजे पेशंटच्या एआरटीच्या नोंदवहीत, त्याची नोंद आहे का? टेम्पोवाला माणूस आहे, भाड्यावर चार-चार दिवस बाहेर राहत असेल, तर गोळ्यांची डबी गाडीत असते की घरी? हे प्रश्न मुलीने विचारावेत आणि त्याने उत्तरं द्यावीत.

एक गोष्ट समुपदेशक सांगतात पण लोक विसरतात. हल्लीच्या गोळीत डोल्युटेग्राविर असतं. ॲसिडिटीची पातळ औषधं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्याशी त्याचं पटत नाही. लग्नाच्या जेवणावळीत जळजळ होणार, मग कुणीतरी मेडिकलमधून गुलाबी बाटली आणणार. तेव्हा लक्षात ठेवा, एआरटीची गोळी आधी, आणि ते औषध दोन तासांनी. उलट झालं असेल तर सहा तास थांबायचं. टीबीचं औषध सुरू करायची वेळ आली तर एआरटी केंद्राला आधी सांगायचं, कारण डोस बदलावा लागतो. आणि कुणी ‘मुळापासून घालवतो’ म्हणून पुड्या देईल, त्याला नमस्कार करून पुढे जायचं.

मूल हवं असेल तर नैसर्गिक मार्गाने होऊ शकतं. मुलीने अधूनमधून तपासणी करत राहावी, विशेषतः गरोदरपणात.

कायद्याचंही सांगते, कारण मामा उद्या तिकडे वळतील. १९९८ला सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात एचआयव्ही असलेल्यांच्या लग्नाच्या हक्काबद्दल फार कडक शेरे मारले होते. २००२ला त्याच न्यायालयाने ते शेरे अनावश्यक होते असं स्पष्ट केलं. जोडीदाराला खरं सांगून, तिच्या संमतीने लग्न करायला कुणाची आडकाठी नाही. एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे आणि त्यानुसार, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, तुमच्या भावाची माहिती त्याच्या संमतीशिवाय कुणी कुणाला देऊ शकत नाही. मुलीला सांगणं त्याचं कर्तव्य होतं, ते त्याने केलं. मामांना रिपोर्ट दाखवायला तो बांधील नाही. त्याची इच्छा असेल तर दाखवावा.

मामांना पटवण्यात फार शक्ती घालवू नका. मुलीला एकटीला केंद्रात घेऊन जा, समुपदेशकांसमोर बसवा आणि तुम्ही बाहेर थांबा. लग्न तिला करायचंय.

प्रश्न : मी जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपवर ‘एड्सची लस आली, वर्षातून दोनदा’ असा मेसेज फिरतोय. म्युनिकच्या परिषदेत शंभर टक्के यश मिळालं म्हणे. हे खरं आहे का? आपल्याकडे कधी मिळेल?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बातमी खरी, ‘लस’ खोटं. नर्सिंगची विद्यार्थिनी आहेस म्हणून नीट सांगते. लस शरीराला लढायला शिकवते. तुमच्या मेसेजातलं वर्षातून दोनदाचं इंजेक्शन म्हणजे लेनाकापाविर, ते औषध आहे. पोटाच्या कातडीखाली टोचतात, तिथे त्याचा साठा राहतो आणि सहा महिने थोडंथोडं रक्तात उतरतं. साठा संपला की संरक्षण संपलं. शिवाय टोचण्याआधी एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह हवीच. सुरुवातीला दोन दिवस त्याच औषधाच्या गोळ्याही घ्याव्या लागतात. टोचलेल्या जागी गाठ लागते, ती हळूहळू जिरते. पेशंट विचारेल, तेव्हा सांगता आलं पाहिजे.

म्युनिकमध्ये जुलै २०२४ला जे सांगितलं गेलं, तो अभ्यास दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींचा. इंजेक्शन मिळालेल्या २१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. लागण टाळण्यासाठीची रोजची गोळी मिळालेल्या १०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. गोळी वाईट म्हणून नव्हे. रोज गोळी घेणं जमलं नाही म्हणून. उशाखाली गोळ्यांची बाटली सापडली की सासू काय म्हणेल, प्रियकर काय म्हणेल, ही भीती तिकडेही तीच. सहा महिन्यांतून एकदा टोचून घेतलं तर घरात काही सापडत नाही. या औषधाचं खरं बळ मला तिथे दिसतं.

आता पैशाचं. अमेरिकेत जून २०२५ला परवानगी मिळाली, वर्षाची किंमत तेव्हा २८,२१८ डॉलर, म्हणजे आपले चोवीस लाखांच्या आसपास. पण मूळ कंपनीने १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती करायचा परवाना सहा कंपन्यांना दिला आहे. त्यात हैदराबादच्या दोन आहेत आणि आपल्या पुण्याची एम्क्युअरही आहे. सप्टेंबर २०२५ला हैदराबादच्या त्या दोघींनी वर्षाला ४० डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये, हा भाव जाहीर केला. २०२७पासून. किगालीत जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध वापरण्याची शिफारसही केली.

तोवर धोका असणाऱ्यांसाठी लागण टाळणारी रोजची गोळी, म्हणजे प्रेप, आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ग्रुपवर हे टाक, आणि तो मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणीला परीक्षेत ‘लस’ लिहू नको म्हणावं.

प्रश्न : गेली अनेक वर्षे पाहतो आहे. एड्सच्या नावाखाली हजारो तज्ज्ञ दर दोन वर्षांनी सुंदर सुंदर शहरांत जमतात, विमानाने जातात, पंचतारांकित राहतात, निरोधांचे प्रदर्शन मांडतात आणि ठराव करून परततात. हाच पैसा औषधांवर का खर्च होऊ नये? स्पष्ट उत्तर अपेक्षित आहे.
– एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : सर, स्पष्टच देते. मी अशा परिषदेला एकदाच गेले, २०१८ला ॲमस्टरडॅमला. अर्धी शिष्यवृत्ती, अर्धे पदरचे. पोस्टर कापडावर छापून घेतलं होतं, म्हणजे घडी करून बॅगेत मावतं आणि विमानात नळकांडं सांभाळावं लागत नाही. पोस्टरसमोर फार कुणी थांबलं नाही. मलावीची एक नर्स मात्र थांबली. तिने माझा आलेख पाहिलाच नाही. विचारलं, ‘तुमच्याकडे व्हायरल लोडचा रिपोर्ट यायला किती दिवस लागतात आणि तोवर पेशंट कुठे असतो?’ आपल्याकडे सगळ्या रुग्णांना ही तपासणी देण्याचं त्याच वर्षी सुरू झालं होतं आणि आमची नेमकी हीच रड होती. ती म्हणाली, आमच्याकडे ज्यांचा रिपोर्ट वाईट येतो त्यांचीच नावं वेगळ्या वहीत लिहितो, बाकीच्यांना पुढच्या तारखेला सांगतो. साधी वही. परत आल्यावर मी तेच केलं.

तेव्हा उधळपट्टी आहे हे कबूल. औषध कंपन्यांचे मंडप लग्नाच्या हॉलपेक्षा मोठे असतात, आणि त्यांची फुकट कॉफी मीही प्यायले. पण ठराव करून परततात एवढंच म्हणाल तर ते मला मान्य नाही. या परिषदा भांडणाच्याही जागा आहेत.

१९८७पासून अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला प्रवेशबंदी होती. १९९०ला परिषद सॅन फ्रान्सिस्कोत भरली तेव्हा अनेक संघटनांनी बहिष्कार घातला. १९९२ची बोस्टनला ठरलेली परिषद उचलून ॲमस्टरडॅमला नेली. ज्यांच्याविषयी चर्चा, त्यांनाच दारात अडवणार असाल तर आम्ही येत नाही, असा सरळ हिशेब. बंदी उठली २०१०ला आणि मगच २०१२ला परिषद वॉशिंग्टनला गेली. तेव्हाही देहविक्री करणाऱ्या बायकांना व्हिसाची दारं बंदच होती. मग त्यांनी काय केलं? त्याच आठवड्यात कोलकात्यात स्वतःचं संमेलन भरवलं, देशोदेशीच्या बायका तिथे आल्या. २०२२ला माँट्रियलमध्ये आफ्रिकेतल्या कित्येकांना व्हिसा मिळाला नाही, त्यावरून उद्घाटनातच आरडाओरडा झाला. पंचतारांकितांचा मेळा म्हणावा तर दारातलं हे भांडण त्यात बसत नाही.

आणि औषधांवर पैसा का नाही, म्हणता. १९९६ला व्हँकुव्हरच्या परिषदेत जगाला कळलं की तीन औषधं एकत्र दिली की मरणपंथाला लागलेली माणसं उठून कामाला लागतात. वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर. इकडे आमच्या वॉर्डात तेव्हा केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं ‘एचआयव्ही’ लिहिलेलं असायचं आणि सलाइन लावायला कुणी पुढे यायचं नाही. तिशीतली पोरं, हातमागावरची, ट्रकवरची. त्यांच्या बायका पायाशी बसलेल्या. मी टीबीच्या गोळ्या आणि बुरशीचं औषध लिहायचे, कारण लिहिण्यासारखं दुसरं माझ्याकडे काही नव्हतं. औषध आहे, हे मला माहीत होतं. ते नातेवाइकांना सांगायचं की नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

२०००ला परिषद पहिल्यांदा आफ्रिकेत, दरबानला भरली. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष म्बेकी तेव्हा या रोगाचं कारण एचआयव्हीच आहे का, अशी शंका घेत होते. परिषदेच्या तोंडावर पाच हजारांवर शास्त्रज्ञांनी सही करून जाहीर केलं की कारण एचआयव्हीच. उद्घाटनाला न्कोसी जॉन्सन हा अकरा वर्षांचा, जन्मतः लागण झालेला मुलगा मोठ्या मापाच्या सुटात उभा राहून बोलला. पुढच्या वर्षी तो गेला. एडविन कॅमेरॉन या न्यायमूर्तींनी व्यासपीठावरून सांगितलं की मी पॉझिटिव्ह आहे आणि जिवंत आहे, कारण औषध विकत घेण्याइतका पैसा माझ्याकडे आहे. त्यानंतर औषधाच्या किमतीचा प्रश्न झाकता येईना. २००१च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी अशीच तीन औषधं स्वयंसेवी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. दिवसाला एका डॉलरच्या आत. १ एप्रिल २००४ला आपल्या सरकारने मोफत एआरटी सुरू केली, पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं.

व्हँकुव्हरपासून जे. जे.पर्यंत यायला आठ वर्षं लागली. तुमचा राग त्या आठ वर्षांवर असता तर मी तुमच्या शेजारी बसून रागावले असते. राहता राहिलं निरोधांचं प्रदर्शन. सर, तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुनरुत्पादन संस्थेचा तक्ता कधी पडदा टाकून ठेवलात का, एवढंच विचारते.

प्रश्न : वय २४. परवा एका मित्रासोबत निरोध न वापरता संबंध आला. इंटरनेटवर वाचलं की कॅनडाच्या परिषदेत डॉक्सीसायक्लिन घेतलं तर सगळे गुप्तरोग टळतात असं सिद्ध झालंय. मेडिकलमधून घेऊन दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या. आता एचआयव्हीची काळजी नाही ना?
– नाव नको, पुणे

उत्तर : आहे. डॉक्सीसायक्लिन जिवाणूंवर चालतं, एचआयव्ही विषाणू आहे. त्याला या गोळीने काही होत नाही.

एचआयव्हीसाठी वेगळं औषध असतं, पेप. ते संबंधानंतर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावं लागतं. तू ‘परवा’ लिहिलंस आणि पत्र टपालाने माझ्या हातात यायला नऊ दिवस लागले. संपादकांनी तुझ्या पत्त्यावर त्याच दिवशी निरोप पाठवलाय. बाकीच्यांनी असं पत्र लिहीत बसू नका. सरळ एआरटी केंद्र किंवा एचआयव्हीचं काम करणारा डॉक्टर गाठा, नाहीतर नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा.

डॉक्सीचं वाचलंस ते खरं आहे, पण अर्धं. २०२२ला माँट्रियलमध्ये सांगितलेला तो अभ्यास सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलमधल्या, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांवर आणि तृतीयपंथी स्त्रियांवर झाला होता. सिफिलिस, क्लॅमिडिया, गनोरिया यांचं मिळून प्रमाण साधारण दोन तृतीयांशाने कमी झालं. कमी झालं, संपलं नाही. केनियातल्या तरुण मुलींच्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या, हे केसांच्या तपासणीत कळलं. हा उपाय कुणाला द्यायचा हे तपासून ठरवायचं असतं, मेडिकलच्या काउंटरवर नाही. आणि घेतलीस तर पेलाभर पाण्याबरोबर घे, लगेच आडवा होऊ नकोस, अन्ननलिका सोलवटून निघते.

आता आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात जा. एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) आणि हिपॅटायटिस बी आज, मग सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एचआयव्ही पुन्हा. नाव विचारतील, कुणाशी संबंध आला हेही विचारतील, पण ते बाहेर सांगायची त्यांना कायद्याने मनाई आहे. मित्रालाही सोबत ने. तीन महिने निरोध वापर आणि रक्तदान करू नकोस.